कोकणातील भाजीत साचणारी रासायनिक प्रदूषके: वाफ्यापासून ताटापर्यंत काय तपासावे, काय करावे

भाजीवर बसलेले रसायन आणि भाजीत उतरलेले रसायन यांत फरक आहे, आणि घरगुती काळजीची सगळी दिशा या फरकावर ठरते. पानावरची धूळ, चिखल आणि फवाऱ्याचा थर पाण्याने बऱ्याच अंशी जातो. मुळांनी शोषून पानाच्या पेशींत नेलेले कॅडमियम (एक विषारी जड धातू) मात्र कितीही वेळा धुतले, मीठ लावले किंवा शिजवले तरी तिथेच राहते. भाजी सुरक्षित करण्याचे निम्म्याहून अधिक काम म्हणूनच स्वयंपाकघराबाहेर, म्हणजे जागा, पाणी, पीक आणि फवारणीची वेळ निवडताना होते, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत. परसबागेत भाजी करणारे, विक्रीसाठी मळा लावणारे आणि केवळ बाजारातून विकत घेणारे अशा तिघांनाही त्या उपयोगी पडाव्यात, असा प्रयत्न आहे.

पहिली पायरी: प्रदूषक कोणत्या वाटेने येते ते ओळखा

जस्त किंवा तांबे मातीत फार वाढले की झाड स्वतःच पिवळे पडते, खुरटते आणि खाणाऱ्याला अपाय होण्याआधी पीक हातचे जाते. कॅडमियमचे तसे नाही. माणसाच्या मूत्रपिंडाला घातक ठरेल इतके कॅडमियम पानात साठले तरी माठ किंवा पालक टवटवीत दिसू शकतो. भाजीच्या रूपावरून तिची शुद्धता ठरवणे या एका कारणानेच अशक्य होते.

शिशाची वाट वेगळी आहे. ते मातीच्या कणांना घट्ट चिकटते आणि मुळांतून वर फारसे चढत नाही. ते येते मुख्यतः पानावर उडालेल्या मातीतून, रस्त्याच्या धुळीतून आणि कंदाच्या सालीला चिकटलेल्या चिखलातून. शिशाच्या बाबतीत धुणे, सोलणे आणि माती उडू न देणे हे उपाय खरोखर कामाला येतात.

कोकणच्या मातीचा स्वभाव येथे महत्त्वाचा ठरतो. जोराच्या पावसात चुनखडीसारखे क्षार वाहून जातात आणि जांभ्यापासून बनलेली लाल माती आम्लधर्मी होते, म्हणजेच तिचा सामू (पीएच) सातच्या बराच खाली राहतो. आम्ल मातीत कॅडमियम सुटे होते आणि मुळांना सहज मिळते. दुसरीकडे, याच मातीतील लोहाचे ऑक्साइड शिसे आणि आर्सेनिक धरून ठेवतात, ही तिची जमेची बाजू आहे. पण पाणी तुंबलेल्या मळ्यात लोहाची ही पकड सुटते आणि आर्सेनिक मोकळे होते. भातखाचरात पाणी उभे असताना आर्सेनिक मोकळे आणि कॅडमियम बांधलेले असते. भात कापल्यावर त्याच खाचरात मुळा, माठ, वाल किंवा चवळी करण्यासाठी जमीन वापसा धरते, म्हणजे पाणी निथळून मशागतीजोगी होते, तेव्हा परिस्थिती उलटते आणि कॅडमियम सुटे होऊ लागते. एकाच जमिनीत दोन हंगामांत धोका असा बदलतो.

समुद्रकाठच्या गावांसाठी आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मचूळ पाण्यातील क्लोराइड कॅडमियमला मातीच्या कणांपासून सोडवून पाण्यात विरघळलेले ठेवते. मातीत कॅडमियम तेवढेच असले, तरी मचूळ विहिरीच्या पाण्यावर वाढवलेल्या पालेभाजीत ते अधिक उतरते. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी खारट लागू लागले की त्यावर पालेभाजी घेणे थांबवावे, हे केवळ उत्पादन घटते म्हणून नव्हे, या कारणासाठीही.

दुसरी पायरी: जागेचा इतिहास विचारा

प्रयोगशाळेत पैसे घालण्यापूर्वी घरातल्या आणि वाडीतल्या जाणत्या माणसांना काही प्रश्न विचारावेत. येथे पूर्वी काय होते? पाणी कुठून येते? पुराचे पाणी कुठपर्यंत चढते? वाऱ्याच्या दिशेला काय आहे?

नदीकाठच्या जमिनींचा विचार आधी करावा लागतो. महाडला सावित्री, रोह्याला कुंडलिका, रसायनीला पाताळगंगा, तळोज्याला कासाडी, आणि वाशिष्ठीच्या खोऱ्यात लोटे परशुराम, असे नदी-खाडी आणि रासायनिक औद्योगिक वसाहत यांचे शेजार कोकणात जागोजागी आहेत. त्यावरून या खोऱ्यांतली प्रत्येक भाजी दूषित आहे, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. पण वसाहतीच्या खालच्या अंगाला नदीतून किंवा नाल्यातून पाणी उचलणाऱ्याने तपासणी केल्याशिवाय पालेभाजी लावू नये, एवढे नक्की. पावसाळ्यात सांडपाणी मोठ्या प्रवाहात पातळ होते. जानेवारी ते मे या काळात प्रवाह आटतो, भरतीचे पाणी खाडीतून वर चढते, आणि नेमका हाच ओलिताच्या भाजीचा हंगाम असतो.

पुराच्या गाळाकडे विशेष लक्ष द्यावे. जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण आणि महाड परिसरात घरांत, दुकानांत आणि शेतांत गाळ साचला. डोंगरातून आलेला गाळ सुपीक असतो, हा पिढ्यांचा अनुभव खरा आहे. पण बाजारपेठ, गॅरेज, पेट्रोल पंप आणि गोदामे यांतून फिरून आलेल्या गाळात तेल, रंग, बॅटरीचे शिसे आणि फुटलेल्या औषधांचे अंश असू शकतात. असा गाळ परसबागेत पसरला असेल, तर तपासणी होईपर्यंत त्यात जमिनीलगतची भाजी करू नये.

रस्त्याकडेच्या मातीत जुने शिसे राहते. भारतात पेट्रोलमधील शिसे २००० साली पूर्णपणे बंद झाले, परंतु त्यापूर्वी धुरातून पडलेले शिसे मातीच्या वरच्या थरातून आपोआप नाहीसे होत नाही. मुंबई-गोवा महामार्गाच्या अगदी कडेला पावसाळ्यात उगवणारा टाकळा आणि कुर्डू खुडून आणणे यासाठीच टाळावे. आत कातळावर किंवा डोंगराच्या उतारावर तीच भाजी भरपूर मिळते. जुन्या घराचा तेलरंग खरवडून जिथे टाकला असेल, ती भिंतीकडेची पट्टीही भाजीसाठी सोडून द्यावी. तेथे अबोली किंवा मोगरा लावावा.

कोकणातला सर्वांत दुर्लक्षित स्रोत मात्र आपल्याच बागेत आहे. आंब्यावर तुडतुडे, फुलकिडी आणि करपा यांसाठी मोहोराच्या आधीपासून फळ धरेपर्यंत अनेक फवारण्या होतात, आणि हाच काळ झाडांखालच्या व शेजारच्या भाजीचा असतो. उंच झाडावर दाबाच्या पंपाने मारलेल्या औषधाचा मोठा भाग खाली आणि वाऱ्याबरोबर बाजूला जातो. भाजीवर आपण काहीच मारले नाही, असे मालक मनापासून सांगतो आणि त्याचे म्हणणे खरेही असते. तरी कोथिंबिरीवर आंब्याचे कीटकनाशक बसलेले असते. त्याच झाडांच्या बुंध्याशी दिले जाणारे कल्टार, म्हणजे पॅक्लोब्युट्राझोल हे वाढ रोखून मोहोर आणणारे रसायन, मातीत दीर्घकाळ टिकते. कल्टार दिलेल्या झाडाच्या आळ्यात किंवा विस्ताराखाली भाजी, आले, हळद काहीही लावू नये. काजूवर ढेकण्यासाठी फवारणी होत असेल, तर तोच नियम तेथेही लागू होतो.

सुपारीच्या वाडीत कोळेरोगासाठी मोरचूद आणि चुन्याचे १ टक्का बोर्डो मिश्रण वर्षानुवर्षे मारले जाते आणि त्यातील तांबे खाली मातीत साठत जाते. खाणाऱ्याला यातून होणारा धोका तुलनेने कमी आहे. तरीही फवारणीच्या दिवसांत सुपारीखालच्या अळूची पाने काढू नयेत.

राहिली राख. चुलीतील स्वच्छ लाकडाची राख भाजीवर भुरभुरण्याची आपली पद्धत चांगली आहे. ती अल्कधर्मी असल्याने आम्ल मातीलाही मानवते. मात्र रंगवलेली फळी, प्लायवूड, प्लास्टिक, टायर किंवा घरातला कचरा ज्या आगीत गेला, तिच्या राखेत धातू एकवटलेले असतात. ती राख वाफ्यात कधीही घालू नये. राब भाजताना त्यात प्लास्टिकच्या पिशव्या टाकण्याची सवयही आता मोडायला हवी.

तिसरी पायरी: माती आणि पाणी तपासून घ्या, आणि अहवाल नीट वाचा

२०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिका योजनेत सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन असे बारा घटक तपासले जातात. त्यांत कॅडमियम, शिसे, आर्सेनिक नाहीत. पत्रिकेवर सर्व काही ठीक दिसले, म्हणजे माती प्रदूषणमुक्त आहे, असे समजणे चुकीचे आहे. पत्रिकेतील सामू मात्र आपल्या कामाचा आहे. जड धातूंसाठी स्वतंत्रपणे तशी सोय असलेल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे नमुना द्यावा लागतो. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ किंवा जिल्ह्याचे कृषी विज्ञान केंद्र येथे चौकशी केल्यास योग्य ठिकाण कळते.

नमुना कसा घ्यावा हे जरा बारकाईने सांगतो, कारण चुकीच्या नमुन्याचा अचूक अहवाल निरुपयोगी असतो. वाफ्यातील आठ ते दहा ठिकाणे नागमोडी रेषेत निवडावीत. वरचा पातेरा हाताने बाजूला सारावा, पण माती खरवडू नये, कारण शिसे वरच्याच थरात असते. प्रत्येक ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्यावा आणि त्याच्या एका बाजूची, वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढावी. गंजलेले किंवा जस्ताचा मुलामा असलेले हत्यार वापरू नये. लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी उत्तम. सर्व माती घमेल्यात न घेता स्वच्छ प्लास्टिकच्या कागदावर पसरून मिसळावी, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकून द्यावेत आणि सुमारे अर्धा किलो माती उरेपर्यंत हे करावे. मग ती सावलीत वाळवून स्वच्छ पिशवीत भरावी आणि आत-बाहेर नाव, जागा, तारीख, पूर्वीचे पीक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. रस्त्याकडेची पट्टी, आंब्याखालची जागा आणि पुराचा गाळ यांचे नमुने एकत्र करू नयेत.

मातीच्या आकड्यांसाठी तुलनेला युरोपीय संघाची जुनी मर्यादा धरता येते. सांडपाण्याचा गाळ घातलेल्या शेतजमिनीत ६ ते ७ सामू असताना कॅडमियम किलोमागे १ ते ३ मिलिग्रॅम आणि शिसे ५० ते ३०० मिलिग्रॅम, अशी ती आहे. आपल्याकडे सामू ५ ते ५.५ असेल, तर तेवढेच कॅडमियम अधिक धोक्याचे ठरते, हे लक्षात ठेवून खालचा आकडाच मर्यादा मानावा. ओलिताच्या पाण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार लिटरमागे कॅडमियम ०.०१ मिलिग्रॅम, तर आर्सेनिक आणि क्रोमियम प्रत्येकी ०.१ मिलिग्रॅम यांहून अधिक नसावे. पाण्याचा नमुना एप्रिल-मे महिन्यात, ओहोटीच्या व भरतीच्या अशा दोन्ही वेळी घेतल्यास खरे चित्र दिसते.

भाजीचाच नमुना तपासला असेल, तर अहवालातील आकडा ओल्या वजनावर आहे की वाळलेल्या, हे सर्वांत आधी पाहावे. पालेभाजीत साधारण नव्वद टक्के पाणी असते. वाळलेल्या वजनावर किलोमागे २ मिलिग्रॅम आलेले कॅडमियम ताज्या भाजीत सुमारे ०.२ मिलिग्रॅमच असते. वर्तमानपत्रातील भयंकर वाटणारे कित्येक आकडे या एका भेदाने दहापट कमी-जास्त होतात. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार ताज्या पालेभाजीत किलोमागे कॅडमियम ०.२ आणि शिसे ०.३ मिलिग्रॅमपर्यंत चालते.

या मर्यादेचा अर्थ एका हिशेबाने स्पष्ट होतो. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० मध्ये कॅडमियमची सहनीय मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम अशी ठरवली. साठ किलोच्या माणसाला ती दिवसाला सुमारे ५० मायक्रोग्रॅम पडते. मर्यादेइतके कॅडमियम असलेली १०० ग्रॅम पालेभाजी खाल्ली, तर २० मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसाच्या वाट्याचे चाळीस टक्के, एका भाजीतून गेले. पंधरा किलोच्या मुलाचा दिवसाचा वाटा मात्र साडेबारा मायक्रोग्रॅमच असतो आणि ५० ग्रॅम भाजीतूनच त्याच्या पोटात १० जातात. भात, तिसऱ्या, कालवे, माकूल यांतून येणारे कॅडमियम आणखी वेगळे, आणि कोकणातल्या घरात हे पदार्थ नेहमीचेच. घरात लहान मूल असेल, तर मर्यादेच्या जवळ पोहोचलेली भाजीही मी नियमित आहारात सुरक्षित मानणार नाही.

चौथी पायरी: मातीप्रमाणे पीक निवडा

धातू साठवण्याची क्षमता सामान्यतः पानांत सर्वाधिक, त्याखालोखाल मुळांत-कंदांत आणि फळांत-शेंगांत सर्वांत कमी असते. पालक, माठ, मुळ्याचा पाला आणि अळू एका टोकाला, तर पडवळ, दोडका, दुधी, वाल, चवळीच्या शेंगा दुसऱ्या टोकाला. माती संशयास्पद असेल, तर पालेभाजीऐवजी मांडवावर चढणारे वेल घ्यावेत. फळ जमिनीपासून उंच राहते, त्यावर चिखल उडत नाही आणि सोलूनही घेता येते.

याला एक अपवाद आहे. डीडीटी, बीएचसी यांसारखी जुनी, न विरघळणारी कीटकनाशके मातीत राहिली असतील, तर भोपळा आणि काकडीच्या कुळातील काही वेल ती इतर पिकांहून अधिक शोषतात. शेतीतील डीडीटीवर १९८९ मध्ये आणि बीएचसीवर १९९७ मध्ये बंदी आली, पण ही रसायने मातीत दशकानुदशके टिकतात. जेथे पूर्वी औषधांचा साठा किंवा मिसळण्याची जागा होती, तेथे भोपळा लावू नये.

पालेभाजीच हवी असेल, तर चिऱ्यांचा चौकोन बांधून त्यात ३० सेंटिमीटर उंचीपर्यंत खात्रीची माती आणि कुजलेले शेणखत भरावे. बहुतेक पालेभाज्यांची मुळे एवढ्या खोलीत भागवून घेतात.

पाचवी पायरी: मातीची पकड वाढवा

सामू ६ ते ६.५ पर्यंत नेणे हा कॅडमियमविरुद्धचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मात्रा माती अहवालावरून ठरवावी. तीव्र आम्ल मातीत भुकटी केलेली शेतीची चुनखडी चौरस मीटरमागे साधारण २०० ते ३०० ग्रॅम लागते. शिंपल्या भाजून केलेला चुना चुनखडीहून तीव्र असतो, म्हणून तो कमी घ्यावा. पेरणीपूर्वी तीन-चार आठवडे ओलसर मातीत मिसळावा, आणि ताज्या शेणखताबरोबर किंवा युरियाबरोबर एकाच वेळी घालू नये, नाहीतर नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. आर्सेनिक हाच मुख्य प्रश्न असेल, तर चुन्याने ते उलट थोडे सुटे होऊ शकते. तेथे चर काढून पाण्याचा निचरा करणे अधिक महत्त्वाचे.

भरपूर कुजलेले खत धातू धरून ठेवते. विकतचे शहरी कंपोस्ट घेताना मात्र पिशवीवरील विश्लेषण पाहावे. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोमागे कॅडमियम ५, शिसे १००, आर्सेनिक १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये. स्फुरदयुक्त रासायनिक खतांत खडकातून आलेले कॅडमियम थोडेफार असते, म्हणून अहवालात स्फुरद पुरेसे असताना ते सवयीने घालत राहू नये.

पावसाळ्यात वाफ्यावर पेंढा किंवा पातेरा यांचे जाड आच्छादन करावे. थेंबांबरोबर उडून पानाच्या खालच्या बाजूला बसणारी तांबडी माती त्यामुळे अडते आणि शिशाची मुख्य वाट बंद होते.

सहावी पायरी: फवारणी आणि तोडणी यांचा मेळ घाला

प्रत्येक कीटकनाशकाच्या वेष्टनावर कोणत्या पिकासाठी शिफारस आहे आणि शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी, हा प्रतीक्षा काळ छापलेला असतो. वेष्टनावरचा त्रिकोण तीव्रता सांगतो. लाल सर्वांत विषारी, त्याखालोखाल पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरव्या त्रिकोणाचा अर्थ लगेच तोडणी करावी, असा होत नाही.

खरी अडचण भेंडी, वांगी, कारली आणि काकडी यांच्यात येते. ही पिके दोन-तीन दिवसांआड तोडावी लागतात. प्रतीक्षा काळ पाच किंवा सात दिवसांचा असेल, तर तो पाळायचा म्हणजे दोन तोडण्या सोडून द्याव्या लागतात. तोडलेला माल फेकून देणे कोणत्याही शेतकऱ्याच्या जिवावर येते, म्हणून नियम मोडला जातो. हा दोष केवळ शेतकऱ्याच्या माथी मारणे योग्य नाही, पण यातून बाहेर पडण्याची वाट आहे. रासायनिक फवारणी करायचीच असेल, तर ती पहिली तोडणी सुरू होण्यापूर्वी संपवावी. त्यानंतर ५ टक्के निंबोळी अर्क, पिवळे-निळे चिकट सापळे, कामगंध सापळे आणि किडकी फळे वेचून नष्ट करणे यांवरच भर ठेवावा. अर्कासाठी लिटरमागे ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी रात्रभर भिजवून गाळून घ्यावी. वेलवर्गीय भाज्यांच्या फळमाशीसाठी क्यू-ल्युअर या गंधाचा सापळा लागतो. आंब्यासाठी वापरले जाणारे मिथाइल युजेनॉल वेगळ्या जातीच्या माशीला ओढते. दापोलीच्या विद्यापीठाने विकसित केलेला ‘रक्षक’ सापळा कोकणात परिचयाचा आहे, त्यात योग्य गंध आहे का एवढे विचारून घ्यावे.

पडवीत किंवा माळ्यावर ठेवलेल्या जुन्या बाटल्या तपासाव्यात. मोनोक्रोटोफॉस २००५ पासून भाजीपाल्यावर निषिद्ध आहे, एंडोसल्फान २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थांबवले, आणि वाफ्यात टाकले जाणारे दाणेदार फोरेट २०२० अखेरीस बंद झाले. शिल्लक आहे म्हणून वापरून टाकू, हा विचार करू नये. ही औषधे विहिरीत, वहाळात किंवा जमिनीतही ओतू नयेत. बंद बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवून तालुका कृषी कार्यालयाकडे विल्हेवाटीची विचारणा करावी.

आंब्याची फवारणी ठरली की आदल्या दिवशी खाण्याजोगी भाजी काढून घ्यावी, उरलेले वाफे झाकावेत आणि आंब्यावर मारलेल्या औषधाचा प्रतीक्षा काळ त्या भाजीलाही लावावा. त्या औषधाची त्या भाजीसाठी शिफारसच नसेल, तर ती तोडणी सोडून द्यावी. शेजाऱ्याची बाग असेल, तर फवारणीचा दिवस कळवण्याची त्याला विनंती करावी. हे बोलणे अवघड नाही, आणि चांगले बागायतदार आनंदाने कळवतात.

सातवी पायरी: बाजारात

कोकणातल्या आठवडा बाजारात येणारी बरीच भाजी घाटावरून, कोल्हापूर-बेळगावकडून ट्रकने उतरते. घाटावरची म्हणजे वाईट आणि गावची म्हणजे शुद्ध, अशी सरळ वाटणी करता येत नाही. दर आठवड्याला भाज्या आणि विक्रेते बदलत राहणे हाच धोका विभागण्याचा व्यवहार्य मार्ग आहे. गावच्या विक्रेतीला पाणी कुठले, बाजूला आंबा आहे का आणि शेवटची फवारणी कधी केली, हे तीन प्रश्न नीट विचारावेत. रेल्वे रुळांलगत किंवा सांडपाण्याच्या नाल्यावर वाढवलेली पालेभाजी घेऊ नये. भेंडी, मटार, मिरची अनैसर्गिक हिरवी वाटली, तर भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने सुचवलेली चाचणी घरी करता येते. द्रव पॅराफिनमध्ये भिजवलेला कापूस सालीवर घासावा. कापूस हिरवा झाला, तर मॅलाकाइट ग्रीन या रंगाचा संशय घ्यावा.

आठवी पायरी: स्वयंपाकघरात

लाल माठाची जुडी घ्यावी, मुळे आणि जमिनीलगतचा दोन बोटे देठ कापून टाकावा, पाने सुटी करून मोठ्या टोपात भरपूर पाण्यात बुडवावीत आणि हाताने हलवून पाच मिनिटे स्थिर ठेवावीत. मग पाने वरून उचलून घ्यावीत. टोप कलंडून पाणी ओतले, तर तळाची माती पुन्हा पानांवर बसते. बोटाने चाचपल्यावर तळाला रेतीचा एकही कण लागेनासा होईपर्यंत पाणी बदलत राहावे, आणि चिरणे त्यानंतरच. अळूच्या पानावर पाणी ठरत नाही, म्हणून ते दोन्ही बाजूंनी ओल्या फडक्याने पुसून मग धुवावे. सुरण, कणगी, मुळा यांची साल जाड काढावी. कोबीची बाहेरची पाने टाकावीत.

फवाऱ्याच्या अंशांसाठी लिटरमागे २० ग्रॅम मिठाच्या पाण्यात दहा-पंधरा मिनिटे भिजवून स्वच्छ पाण्याने धुणे ही चांगली रीत आहे. खाण्याच्या सोड्याचे १ टक्का पाणीही उपयोगी पडते. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर केलेल्या प्रयोगात सोड्याच्या पाण्याने बारा ते पंधरा मिनिटांत पृष्ठभागावरची दोन कीटकनाशके साध्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगली निघाली. त्याच प्रयोगात सालीच्या आत शिरलेला भाग मात्र निघाला नाही. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही औषधे तर झाडाच्या रसातून फिरतात, त्यांवर धुण्याचा इलाज चालत नाही. भांड्यांचा किंवा कपड्यांचा साबण भाजीला लावू नये.

पालेभाजीतील नायट्रेट हाही एक विषय आहे. युरिया जास्त झाला आणि आभाळ भरलेले राहिले, की झाडाला नत्र वापरता येत नाही आणि ते नायट्रेटच्या रूपात पानात साचते. कोकणच्या पावसाळ्यात नेमके हेच घडते. उकळून पाणी टाकल्यास ते बरेच कमी होते. शिजवलेली पालेभाजी उबदार हवेत तासन्‌तास उघडी ठेवल्यास जंतूंमुळे त्याचे नायट्राइट होते, म्हणून उरलेली भाजी लगेच फ्रिजमध्ये ठेवावी, आणि सहा महिन्यांखालील बाळाला पालकाचे पाणी देण्याची चाल सोडून द्यावी.

नववी पायरी: प्रकृतीवर लक्ष ठेवा

मूत्रपिंडात गेलेले कॅडमियम निम्मे होण्यास दहा ते तीस वर्षे लागतात. ते प्रथम मूत्रपिंडाच्या नलिकांना आणि पुढे हाडांना इजा करते. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीचे पाणी भातशेतीत शिरल्याने विशेषतः प्रौढ स्त्रियांची हाडे ठिसूळ झाली. त्या विकाराला तेथील सरकारने १९६८ मध्ये प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्यता दिली. शिशाला सुरक्षित पातळी नाही. गर्भातील आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर ते कायमचा परिणाम करते. आर्सेनिक आणि कॅडमियम दोन्ही कर्करोगकारक म्हणून सिद्ध झाली आहेत.

लोहाची कमतरता असलेल्या शरीरात कॅडमियम आणि शिसे अधिक शोषले जाते, त्यामुळे रक्तक्षय असलेल्या स्त्रिया आणि मुले यांना तोच घास अधिक बाधतो. हिमोग्लोबिन तपासून लोहाची भर काढणे आणि आहारात नाचणी, दूध, लहान मासे यांतून कॅल्शियम पुरेसे ठेवणे हा प्रदूषणाविरुद्धचाच उपाय आहे. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात तंबाखूतून येणारे कॅडमियम भाजीतल्या कॅडमियमवर आणखी साठते.

माती किंवा भाजीचा अहवाल मर्यादेबाहेर आला आणि घरात पाच वर्षांखालील मूल किंवा गर्भवती स्त्री असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्तातील शिशाची तपासणी करावी. दर डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आल्यास स्रोत शोधून तो तोडावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दीर्घकाळ दूषित पाण्यावरची भाजी खाल्लेल्या प्रौढांनी मूत्रातील कॅडमियम आणि मूत्रपिंडाची तपासणी करून घ्यावी.

कीटकनाशकाची तीव्र बाधा वेगळी ओळखावी. फवारणीनंतर किंवा जेवणानंतर थोड्याच वेळात खूप घाम, तोंडाला लाळ, उलट्या-जुलाब, अंधुक दिसणे, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणे, स्नायू थरथरणे किंवा श्वास लागणे, ही ऑर्गनोफॉस्फरस गटातील कीटकनाशकांच्या विषबाधेची लक्षणे आहेत. अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे, मुद्दाम उलटी करवू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि औषधाची बाटली किंवा तिच्या वेष्टनाचा फोटो रुग्णाबरोबर द्यावा, कारण अ‍ॅट्रोपिन हा उतारा द्यायचा की दुसरे काही, हे डॉक्टर त्यावरून लवकर ठरवू शकतात.